पोराचा खांदा दुखतोय? आधी फेकी मोजा

बेळगावात वडगाव-शहापूरच्या बाजूला फिजिओथेरपी करत बसलं की दारात येणारा खांदा बहुधा मागावरचा, म्हणजे विणकराचा, असतो. चाळिशी-पन्नाशीचा माणूस, वर्षानुवर्षं उभ्यानं काम, हात वर जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपता येत नाही. पावसाळा लागला आणि शाळांच्या झोन-तालुक्याच्या स्पर्धा सुरू झाल्या की मात्र दुसरेच खांदे यायला लागतात. बारा-तेरा-चौदा वर्षांची पोरं, खेळ बेसबॉल नाहीतर सॉफ्टबॉल, सोबत आई किंवा पी.टी.चे सर. पोरगं म्हणतं, "मॅडम, थ्रो मारताना इथं दुखूलालंय." आई म्हणते, "बाम लावला, आंबेहळद लावली, उतरंना की हो."

हे लिहिते आहे ते अशा आयांसाठी आणि सरांसाठी. मागावरच्या खांद्याला जे चालतं ते या पोरांच्या खांद्याला चालत नाही. त्यांच्यात दुखतं ते बहुतेक वेळा वाढणारं हाड, आणि त्याला गोळी-मालिशपेक्षा मोजणी जास्त लागते. किती फेकी झाल्या, किती दिवस सुट्टी मिळाली, हे कुणीतरी वहीत लिहिलेलं असेल तर माझं निम्मं काम झालेलं असतं. तशी वही घेऊन येणारे पालक फार थोडे.

आत काय होतं

दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला, खांद्याच्या गोलाखाली, कूर्चेची एक पट्टी असते. डॉक्टर तिला ग्रोथ प्लेट म्हणतात. दंडाचं हाड लांबीला जेवढं वाढतं त्यातला सुमारे 80 टक्के वाटा या एका पट्टीचा. मुलांमध्ये ती साधारण सोळा ते अठराच्या वयात भरून पक्कं हाड होते, मुलींमध्ये थोडी आधी. तोपर्यंत सगळ्या खांद्यात कच्ची जागा कुठली, तर हीच.

पिचर, म्हणजे बॅटरकडे चेंडू टाकणारा, चेंडू सोडतो तेव्हा आधी हात मागे पूर्ण पिळला जातो आणि मग दंड गर्रकन आत फिरतो. मोठ्या व्यावसायिक पिचरांमध्ये हा फिरण्याचा वेग सेकंदाला 7000 अंशांच्या आसपास मोजलेला आहे. आपल्या आठवीतल्या पोराचा वेग त्याहून कमी असतो, पण पीळ त्याच जागी बसतो, आणि पुन्हा पुन्हा बसला की ती पट्टी चिडते, रुंदावते. या दुखण्याला अमेरिकेत 'लिटल लीग शोल्डर' म्हणतात, लिटल लीग म्हणजे तिथलं लहान पोरांचं बेसबॉल. 11 ते 16 या वयात ते दिसतं, जास्त करून तेरा-चौदाला, म्हणजे उंची भरभर वाढते त्याच काळात. जूनमध्ये शिवलेली गणवेशाची पँट दिवाळीला घोट्याच्या वर गेली असेल तर ते वर्ष जपायचं. टेनिस, बॅडमिंटन, क्रिकेट खेळणाऱ्या पोरांतही हे होतं, पण सगळ्यात जास्त पिचरांत.

प्रत्येक दुखणारा खांदा म्हणजे हीच भानगड असं नाही. स्नायू थकून दुखतात, पुढच्या बाजूची बायसेप्सची दोरी दुखते, मागचा भाग आखडतो. सॉफ्टबॉलमध्ये पिचर हात खालून गोल फिरवून टाकते, त्या मुली बहुधा खांद्याच्या पुढच्या बाजूवर बोट ठेवतात. पण वाढत्या वयातल्या, वरून टाकणाऱ्या पोराचा खांदा दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, तर आधी पट्टीचा संशय घ्यायचा आणि ती नाही असं ठरलं की मग बाकीचं बघायचं. उलट्या क्रमानं गेलं की पोरगं दुखत्या हातानं खेळत राहतं आणि हंगाम हातचा जातो.

घरी बसून काय बघता येतं

पहिलं काम, बोट दाखवायला सांगा. तळहातानं सगळा खांदा चोळून दाखवू नकोस, एका बोटानं दाखव. दंडाच्या वरच्या भागात, बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या टोकापासून तीन-चार बोटं खाली त्यानं बोट ठेवलं तर लक्ष द्या. तीच जागा दुसऱ्या हातावर दाबा आणि मग दुखऱ्या हातावर दाबा. फरक त्याच्या चेहऱ्यावर कळतो. बोट अगदी वरच्या टोकावर असेल तर तो कुठे पडला होता का ते विचारा. बेसवर घसरताना किंवा कॅच घेताना खांद्यावर आदळलेलं पोरगं ते घरी सांगतंच असं नाही.

मग कधी दुखतं ते विचारा. फक्त जोरात टाकताना? सामना संपल्यावर संध्याकाळी? दुसऱ्या दिवशी दप्तर पाठीला लावताना? सुरुवातीला फक्त जोराच्या फेकीला दुखतं आणि घरी आल्यावर विसरतं. म्हणून आईला वाटतं, नाटक करतोय. पुढची पायरी म्हणजे सामन्याच्या शेवटी दुखणं, त्यापुढची म्हणजे दुसऱ्या दिवशीही दुखणं. आणखी एक प्रश्न मी नेहमी विचारते: बॉल पूर्वीसारखा जातोय का? वेग कमी झाला, चेंडू वर-खाली जायला लागला, की हात थकलाय हे खांदा दुखायच्या आधीच कळतं. सरांना हे आपल्यापेक्षा लवकर दिसतं.

शर्ट काढून पाठमोरं उभं करा आणि दोन्ही हात सावकाश वर न्यायला सांगा. पाठीचे दोन्ही फरे, म्हणजे खांद्याची पाती, सारखे सरकतात का बघा. टाकणाऱ्या बाजूचा खांदा किंचित खाली असणं पिचरांत नेहमीचं आहे, त्यानं घाबरू नका. फरा पाठीपासून पंखासारखा सुटत असेल, हात खाली आणताना अडखळत असेल, तर फऱ्याचे स्नायू कमी पडतायत.

शेवटची तपासणी पाठीवर झोपवून करायची. दंड बाजूला काटकोनात, कोपर काटकोनात, पंजा छताकडे. आता पंजा डोक्याच्या दिशेनं किती जातो आणि पायाच्या दिशेनं किती जातो, ते दोन्ही हातांत बघा. पिचरचा टाकणारा हात डोक्याकडे जास्त जातो आणि पायाकडे कमी. लहानपणापासून टाकून टाकून हाडच थोडं वेगळ्या पिळानं वाढलेलं असतं, त्यामुळे हे होतं. दोन्ही दिशांची बेरीज दुसऱ्या हाताइतकीच भरत असेल तर ठीक. बेरीजच कमी असेल, किंवा फिरवताना दुखत असेल, तर दाखवायला आणा. इथे एक ताकीद: मोबाईलवर बघून कुशीवर झोपून हात खाली दाबायचा जो ताण देतात, तो दुखऱ्या खांद्याला घरी देऊ नका. आखडलंय म्हणून जोर लावाल आणि तो जोर नेमका त्या कच्च्या पट्टीवर जाईल.

ज्याला वेळ घालवायचा नाही

खांदा निखळल्यासारखा दिसतोय, पडल्यावर हात उचलताच येत नाही, बोटांना मुंग्या आहेत किंवा बधिरपणा आहे, हात थंड पडलाय, ताप आहे आणि खांदा गरम-सुजलेला आहे: यातलं काहीही असेल तर त्याच दिवशी दवाखाना. हात उशीवर टेकवून, गळ्यात ओढणी बांधून आधार द्या आणि न्या. कुणालाही ओढून बसवू देऊ नका. आपल्याकडे प्रत्येक चार गावांत एक हाड बसवणारे असतात आणि त्यांच्यावर लोकांचा विश्वासही असतो, त्यावर वाद घालत नाही. पण वाढत्या पोराचा खांदा एक्स-रे काढल्याशिवाय कुणी ओढायचा नाही.

टाकण्याशी संबंध नसताना रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आठवडाभर राहिलं, दंडाला गाठ किंवा सूज लागली, तर हाडांच्या डॉक्टरकडे जा. या वयात दंडाच्या वरच्या टोकाला हाडात पोकळी होते, कधी क्वचित गंभीर आजारही निघतो, आणि दोन्ही एक्स-रेवर दिसतात. आणखी एक, फारसं कुणी सांगत नाही ते: पोटाला डाव्या बाजूला चेंडूचा किंवा धडकेचा मार बसला आणि नंतर डावा खांदा दुखायला लागला, तर दुखणं खांद्याचं नसून प्लीहेचं असू शकतं. तिथं बर्फ शेकत बसू नका, थेट मोठ्या दवाखान्यात.

बाकीच्यांनी सावकाश पण नक्की एक्स-रे काढून घ्यायचा. बेळगावात सिव्हिलला जा, केएलईला जा, निपाणी-चिकोडीकडचे लोक मिरज-कोल्हापूरला जातात तिकडे जा, मशीन सगळीकडे तेच. डॉक्टरांना दोन गोष्टी आठवणीनं सांगायच्या: पोरगं पिचर आहे, आणि दोन्ही खांद्यांची तुलना हवी. एकट्या दुखऱ्या खांद्याच्या फिल्मवर वाढीची पट्टी मुळातच एक काळी रेघ म्हणून दिसते, ती नेहमीपेक्षा रुंद आहे का ते दुसऱ्या बाजूशेजारी ठेवल्यावर कळतं. सुरुवातीच्या दिवसांत एक्स-रे नॉर्मलही येतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुसऱ्या दिवशी पिचिंगला उभा करू नका. बोट अजून त्याच जागी जातंय ना?

पहिले आठवडे

थ्रो बंद. हळू थ्रोही बंद. "पिचिंग नको, सेंटर फील्डला उभा करतो" असं सर प्रेमानं म्हणतात, पण तिथून तर चेंडू आणखी लांब फेकायचा असतो. कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून झेलणारा, तर मुळीच नको, तो प्रत्येक पिचचा, म्हणजे पिचरच्या प्रत्येक फेकीचा, चेंडू परत फेकतो. पट्टीचं दुखणं ठरलं तर साधारण तीन महिने फेक बंद ठेवावी लागते, कुणाचं दीड-दोन महिन्यांत भागतं, कुणाला जास्त लागतात. दुखणं आधी जातं, पट्टी नंतर भरते. दुखत नाही म्हणून महिन्यात परत आलेलं पोरगं पुन्हा माझ्याच दारात उभं राहतं.

एरवी त्याला घरी बसवू नका. पळू दे, बेस रनिंग करू दे, फक्त हात पुढे करून सूर मारायचा नाही. दुखणं शांत झाल्यावर डॉक्टरांनी हो म्हटलं तर बॅटिंगही चालते. संघासोबत मैदानावर ठेवणं महत्त्वाचं, कारण या वयात संघातून बाहेर पडल्याचं दुखणं खांद्यापेक्षा मोठं असतं आणि त्यापायी पोरं खोटं बोलतात. स्कोअर लिहायला बसवा, पिच मोजायला बसवा. तेच काम पुढे उपयोगी पडणार आहे.

बर्फ पहिल्या काही दिवसांत, दुखेल तेव्हा, पातळ टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं. घरी फ्रीज नसेल तर दुकानातल्या बर्फाच्या पेप्सीच्या कांड्या टॉवेलात गुंडाळा, काम तेवढंच होतं, आणि नंतर पोराला बक्षीसही मिळतं. आंबेहळदीचा लेप लावायचा तर लावा, त्यानं वाईट होत नाही. पण मोठ्या माणसासारखी रगडून मालिश नको. दुखण्याची गोळी डॉक्टर देतील तेवढीच, आणि गोळी देऊन मैदानात कधीच नाही. ॲस्पिरिन तर मुलांना स्वतःच्या मनानं देऊच नये. खांद्यात इंजेक्शन मारून फायनल खेळवता येईल का, असं विचारणारे बाबा भेटतात. नाही.

तालमीचं विचारतात. इथं घराघरात कुणीतरी तालमीत गेलेलं असतं आणि आजोबांचं मत ठरलेलं असतं, पोरगं कच्चं आहे, जोर मारायला लावा. दुखत असेपर्यंत जोर बंद, कारण खाली जाताना सगळं वजन खांद्याच्या पुढच्या भागावर येतं. बैठका मात्र भरपूर मारू द्या. पिचरची ताकद पायातून निघते, कमरेतून वर चढते आणि खांद्यानं ती फक्त पुढे पोचवायची असते. पाय कमी पडले की राहिलेलं काम खांदा करतो. म्हणून या महिन्यांत मी पोरांना बैठका, एका पायावर तोल सांभाळणं, प्लँक, दोरीवरच्या उड्या एवढं देते. आजोबाही खूश.

खांद्याचा व्यायाम, सायकलच्या ट्यूबवर

रोजचं हलकंफुलकं हात हलवताना दुखेनासं झालं की हे सुरू करायचं. महागडे रबरी पट्टे आणायची गरज नाही. पंक्चरवाल्याकडे जुनी सायकलची ट्यूब मिळते, लांब कापा, खिडकीच्या गजाला कोपराच्या उंचीवर बांधा. बाजूला उभं राहायचं, दंड अंगाला, कोपर काटकोनात, काखेत टॉवेलची गुंडाळी. गुंडाळी पडू न देता पंजा बाहेर न्यायचा आणि सावकाश परत आणायचा. परत आणणं जास्त महत्त्वाचं आहे, कारण चेंडू सुटल्यावर हाताला थांबवण्याचं काम हेच मागचे स्नायू करतात. पोरं ट्यूब सट्कन सोडतात, तिथं तुम्ही उभं राहायचं.

दुसरा व्यायाम पालथं झोपून, कपाळ टॉवेलवर, हात बाजूला फैलावून अंगठे वर. दोन्ही फरे पाठीच्या कण्याकडे ओढून हात जमिनीपासून चार बोटं उचलायचे. नंतर हात वाय आकारात तिरके वर ठेवून तेच. तिसरा, भिंतीला तळहात टेकून उभ्यानं: कोपर न वाकवता छाती भिंतीकडे ढिली सोडायची आणि फरे पुढे ढकलून पाठ गोल करायची. चौथा, कुशीवर झोपून वरच्या हातात अर्ध्या लिटरची पाण्याची बाटली धरून पंजा वर उचलायचा. ती अर्धा किलोची होते, सुरुवातीला अर्धीच भरा. प्रत्येकी बारा ते पंधरा वेळा, दोन फेऱ्या, आठवड्यातून तीन दिवस. थकवा चालेल, टोचणारं दुखणं चालणार नाही. हे चार व्यायाम खांदा बरा झाल्यावरही हंगामभर चालू ठेवले तर चांगलं. कंटाळा येतो, म्हणून मी संघातल्या सगळ्यांना एकत्र करायला सांगते.

मोजणी

आता माझ्या आवडीचा भाग. 2014 साली अमेरिकेत मेजर लीग बेसबॉल (तिथली मोठी व्यावसायिक लीग) आणि यूएसए बेसबॉल (तिथली राष्ट्रीय संघटना) यांनी मिळून 'पिच स्मार्ट' नावाचे नियम काढले. एका दिवसात जास्तीत जास्त पिच किती: 9-10 वर्षांना 75, 11-12 ला 85, 13 ते 16 ला 95. चौदापर्यंतच्या पोरांसाठी विश्रांती अशी: 20 पिचपर्यंत दुसऱ्या दिवशी टाकलं तरी चालतं, 21 ते 35 झाले तर एक दिवस सुट्टी, 36 ते 50 ला दोन दिवस, 51 ते 65 ला तीन, 66 आणि पुढे चार दिवस. वर्षात एकूण चार महिने फेक बंद, त्यातले दोन-तीन महिने सलग. आणि पिचरनं त्याच सामन्यात कॅचर व्हायचं नाही.

हे आकडे वरची हद्द आहेत. माझ्या पोरांना मी त्याहून खालीच ठेवते, तेरा-चौदाच्या पोराला साठीच्या आसपास थांबवा म्हणते. तिथल्या पोराच्या हातात हंगामाआधीची तयारी असते. आपल्याकडे निवड झाली की आठ दिवसांत स्पर्धा, आणि एका दिवसात दोन सामने. पावसात भिजलेला चेंडू जड होतो आणि निसटतो म्हणून पोरगं तो आणखी आवळून धरतं. शिवाय अनेक शाळांच्या मैदानावर बेसबॉलची आखणी नसते, क्रिकेटच्या खेळपट्टीवरच प्लेट, म्हणजे बॅटरसमोरची पाटी, मांडतात. ते अंतर 22 यार्ड, म्हणजे 20.12 मीटर. मोठ्या माणसांच्या बेसबॉलमध्ये पिचिंगचं अंतर 18.44 मीटर आहे आणि लिटल लीगच्या बारा वर्षांपर्यंतच्या पोरांचं 14 मीटर. म्हणजे आपलं सातवीतलं पोर व्यावसायिक पिचरपेक्षा लांबून टाकतंय! सरांनी एवढी एकच गोष्ट टेपनं मोजून बदलली तरी पुष्कळ खांदे वाचतील.

मोजायचं कसं? बाकावर बसलेल्या पोराच्या उजव्या खिशात चिंचोके भरा. प्रत्येक पिचला एक चिंचोका डाव्या खिशात. डाव संपला की मोजून वहीत. याहून सोपं यंत्र मला माहीत नाही.

पण वहीत नुसते सामन्यातले पिच लिहून भागत नाही. वॉर्मअपच्या फेकी, सरावाच्या फेकी, आणि रविवारी सुगीनंतरच्या मोकळ्या शिवारात टेनिस बॉलच्या मॅचमध्ये सीमेवरून मारलेले थ्रो, सगळं त्याच खांद्याचं. टेनिस बॉल हलका म्हणून कुणी धरत नाही, पण हलका चेंडू लांब घालवायला हात जास्त जोरात फिरवावा लागतो. पोरगं शाळेत बेसबॉल, क्लबात क्रिकेट आणि गल्लीत टेनिस बॉल खेळतं, तीन ठिकाणी तीन सर, आणि प्रत्येकाला वाटतं, आपण तर थोडंच टाकायला लावतो. घरात हिशेब ठेवणारा माणूस म्हणून एकच हवा. बहुधा ती आईच असते. 'आज 40 पिच, सराव अर्धा तास, खांदा ठीक' एवढं एका ओळीत पुरे.

थकवा का धरायचा, त्याचा एक आकडा सरांना नक्की सांगा. चौदा ते वीस वयाच्या पिचरांवरचा अमेरिकेतला एक अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. खांदा किंवा कोपराची शस्त्रक्रिया झालेल्यांची तुलना धडधाकट पिचरांशी केली होती. हात थकलेला असताना नेहमी टाकत राहणाऱ्यांमध्ये शस्त्रक्रियेची शक्यता 36 पट निघाली. वर्षात आठ महिन्यांहून जास्त पिचिंग करणाऱ्यांमध्ये पाच पट. कर्व्ह बॉल, म्हणजे वळणारा चेंडू, वाईट की चांगला यावर सर लोक तासभर बोलतात, थकव्यावर कुणी बोलत नाही.

काही बाबांच्या डोक्यात रिंकू सिंग आणि दिनेश पटेल असतात. उत्तर प्रदेशातली ही दोन भाला फेकणारी मुलं 2008 साली पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉल संघाकडे गेली, ते खरंच आहे. पण पिचिंग शिकायला सुरुवात केली तेव्हा ती एकोणीस-वीस वर्षांची होती, हाडं पक्की झालेली. तेराव्या वर्षी घाई केल्यानं कुणी पुढे गेल्याचं ते उदाहरण नाही.

परत चेंडू हातात

तीन अटी: दाबून दुखत नाही, दोन्ही हातांच्या फिरण्याची बेरीज सारखी भरते, आणि ट्यूबच्या व्यायामात दोन्ही बाजू सारख्या चालतात. शिवाय डॉक्टरांची हो. मग साधारण नऊ मीटरवरून, म्हणजे मोठ्या माणसाच्या बारा-तेरा पावलांवरून सुरुवात. आधी घाम येईपर्यंत पळणं, मग पंचवीस हलक्या फेकी, दहा मिनिटं बसणं, पुन्हा पंचवीस. एक दिवसाआड. दोन वेळा काहीही न दुखता झालं की चौदा मीटर, तसंच मग अठरा, मग सत्तावीस. त्यानंतर पिचिंगच्या जागेवरून अर्ध्या जोरानं. पूर्ण जोर सगळ्यात शेवटी. सॉफ्टबॉलच्या चेंडूनं हे करू नका, तो 178 ते 198 ग्रॅमचा असतो आणि बेसबॉल 142 ते 149 ग्रॅमचा.

मधे दुखलं तर? सुरुवातीला आखडल्यासारखं वाटून गरम झाल्यावर गेलं, तर त्याच पायरीवर थांबा. गरम होऊनही राहिलं, तर दोन दिवस सुट्टी आणि एक पायरी खाली. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखलं, तर एक दिवस सुट्टी आणि तीच पायरी पुन्हा. बोट परत त्या जुन्या जागी गेलं, तर फेक बंद आणि भेटायला या.

याच काळात सरांनी बाजूनं मोबाईलवर व्हिडिओ काढावा. पुढचा पाय जमिनीवर टेकायच्या आधीच छाती समोर वळते का, आणि टाकताना कोपर खांद्याच्या रेषेखाली पडतं का, एवढ्या दोनच गोष्टी बघा. छाती लवकर उघडली की हात मागे राहतो आणि त्याला ओढून आणण्याचा भार खांद्यावर पडतो. एकदम सगळं सुधारायला गेलं की पोरगं गोंधळतं, एका आठवड्यात एकच गोष्ट सांगा.

पहिल्या सामन्यात एकच डाव, वीस पिचच्या आत, मग बाहेर. संघ हरत असला तरी बाहेर. हे आधी सरांशी बोलून ठेवा आणि पोरालाही त्यांच्यासमोरच सांगा, ऐन वेळी कुंपणाबाहेरून हातवारे करू नका. एक्स-रेच्या फिल्म तारीख घालून फाईलमध्ये ठेवा, दोन्ही खांद्यांच्या. पुढच्या जूनमध्ये निवडीआधी पोराची उंची भिंतीवर पेन्सिलीनं मापा, दोन-तीन बोटं वाढलेली दिसली तर वहीचं पहिलं पान पावसाच्या आधीच सुरू करा.